मनुष्यबळाची यादी आमची, मालकांची यादी कोण करणार?

"उद्योग यायला तयार आहेत, पण तुमच्या भागात कुशल मनुष्यबळच नाही." हे वाक्य रोजगार मेळाव्यांच्या मंचावरून, पुढाऱ्यांच्या भाषणांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. आता ते आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकू येऊ लागले आहे. त्यावर उपायही सुचवला जातो. धामणगाव बढेसारख्या गावाने आपल्या तरुणांची यादी करावी, कोण काय शिकला आणि कोणाला काय येते ते लिहावे, कमी पडते तिथे प्रशिक्षण द्यावे आणि ती यादी येणाऱ्या मालकापुढे ठेवावी. मग रोजगार येईल.

यादी करायला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो यादी फक्त मजुराचीच करण्याला. बाजारात बैल विकायला नेला की गिऱ्हाईक त्याचे दात मोजते, पण गिऱ्हाईकाच्या गोठ्यात चारापाणी आहे का, हे बैलाला विचारता येत नाही. माणसाला ते विचारता येते आणि त्याने विचारलेच पाहिजे. म्हणून या लेखात आमचे म्हणणे एकच आहे: कौशल्याचा प्रश्न हा आधी हक्काचा प्रश्न आहे. जात, मजुरी आणि मालकाची जबाबदारी या तीन गोष्टी बाजूला ठेवून केलेले कोणतेही प्रशिक्षण आपल्या तरुणाला कुशल करणार नाही. ते त्याला फक्त स्वस्त करील.

कौशल्य नाही म्हणता, मग ही कामे कोण करतो?

मोताळा तालुक्याच्या या पट्ट्यात फिरून बघा. घर बांधायला गवंडी लागतो, स्लॅबला सेंट्रिंगवाला लागतो, विहिरीवरची मोटार जळाली तर वायंडिंग करणारा लागतो. ठिबकच्या नळ्या जोडणारा, ट्रॅक्टरचे गिअर उघडणारा, फरशी बसवणारा, वेल्डिंग मारणारा लागतो. ही सगळी माणसे गावातच मिळतात. यातल्या बहुतेकांनी कोणत्याही केंद्रात पाय ठेवलेला नाही. उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढून ते शिकले. त्यांच्या हातात कसब आहे आणि कागद नाही. मलकापूरच्या एमआयडीसीत किंवा वाळूजला तोच पोरगा गेला की कागद नाही म्हणून तो 'हेल्पर' होतो. काम मिस्त्रीचे आणि हजेरी हेल्परची, हा धंदा उघड्यावर चालतो.

गावोगावचा 'झिरो वायरमन' आठवा. खांबावर चढतो तो, फ्यूज टाकतो तो, पावसात तार जोडतो तो. नोकरी आणि पगार मात्र दुसऱ्या कुणाचा असतो. शॉक लागून तो पडला तर तो कुणाचाच माणूस नसतो. एवढे जोखमीचे काम रोज करणाऱ्याला अकुशल म्हणण्याची हिंमत ज्या व्यवस्थेत आहे, तिने आम्हाला कौशल्याचे धडे देऊ नयेत.

बायांच्या कामाचे तर नावच कुणी कौशल्य म्हणून घेत नाही. कापूस वेचताना बोंडातून पाला-काडी न येऊ देता रुई ओढून घेणे हे सराईत बोटांचे काम आहे. त्या सफाईवर कापसाची प्रत ठरते आणि प्रतीवर भाव ठरतो. भाव ठरवणाऱ्या साखळीत व्यापारी कुशल, ग्रेडर कुशल, जिनिंगमधला फिटर कुशल. जिच्या बोटांनी प्रत सांभाळली ती बाई मात्र अकुशल. किमान वेतनाच्या कोष्टकात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन रकाने असतात. कोणते काम कोणत्या रकान्यात जाणार हे काम करणारा ठरवत नाही. तो रकाना सत्ता ठरवते, आणि आपल्या देशात सत्तेला जात असते.

प्रशिक्षण खरोखर हवे असते तिथे ते मिळत नाही, हेही आपण पाहिले आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. त्यांना औषधांचे मिश्रण, वाऱ्याची दिशा, मास्क, हातमोजे याचे प्रशिक्षण कुणी दिले होते? औषध विकणाऱ्यांनी दिले नाही, रोजाने फवारायला लावणाऱ्यांनी दिले नाही. मेल्यावर मात्र बोट त्यांच्याच निष्काळजीपणाकडे दाखवले गेले.

कौशल्याच्या दारावरचा जुना पहारेकरी

आपल्याला कौशल्य नव्हते म्हणून आपण मागे राहिलो, ही कहाणी खोटी आहे. इतिहास असा आहे की जिथे कौशल्य शिकायला मिळत होते त्या खात्याचे दारच आपल्यासाठी बंद होते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते, पण विणाई खात्यात त्यांना घेत नसत. त्या खात्यात पगार जास्त होता. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणजे माग चालवण्याची अक्कल नव्हती असे नाही, थुंकीचा विटाळ आडवा येत होता. मालकाला तो सोयीचा होता आणि सोबतच्या कामगारालाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार एकजुटीची भाषा करता, मग या खात्याचे दार आमच्यासाठी कधी उघडता, हा त्यांचा सवाल होता.

मलकापूर स्टेशनवरून आपली पोरे पुण्या-मुंबईला आणि सुरतेला जातात तो मार्ग त्या काळी जीआयपी रेल्वेचा होता. त्याच रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितले, ते सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपण विसरतो. रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, त्याला वरची जागा मिळत नाही, हे त्यांनी दाखवले. साध्या पोर्टरच्या जागेवरही त्याला घेत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेई आणि अस्पृश्य घरात चालत नसे. पोर्टर व्हायला कोणते मोठे कौशल्य लागते? तरी जागा नाही. याला कौशल्याची दरी म्हणायचे, की जातीची भिंत?

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. मग नव्याकडे बघू. आपल्याच विदर्भातले अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लिम नावाची त्याहून खूप कमी. हे अर्जदार पदवीधर होते. कागद होता, कौशल्य होते, आडनाव नडले. आता सांगा, गावातल्या वानखडेला, इंगळेला, शेखला आणखी कोणता कोर्स करायला लावायचा म्हणजे आडनावाचा अडथळा जाईल?

योजनांची नावे मोठी, हातात काय?

सरकार म्हणेल, आम्ही तर योजनांचा पाऊस पाडला. चला, पाऊस मोजू.

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय: सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी, झाडू-टोपली करणारे वगैरे. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. कारागिराला अवजार आणि स्वस्त कर्ज मिळाले तर आम्हाला आनंदच आहे. पण योजनेची भाषा वाचा: कुटुंबात चालत आलेला धंदा आणि गुरु-शिष्य परंपरा. वयाची अट १८ वर्षे. ज्या वयात चर्मकाराच्या पोरीने इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा, त्या वयात सरकार तिला बापाची आरी दाखवते. तामिळनाडू सरकारने नेमका हाच आक्षेप घेतला. वयाची अट ३५ करा आणि कुटुंबाच्या धंद्याची अट काढा, असे त्यांनी केंद्राला कळवले. ते मान्य होईना तेव्हा जातीशी न बांधलेली स्वतःची वेगळी योजना काढली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात मात्र २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यात या योजनेचा वर्धापनदिन साजरा झाला.

त्याच कार्यक्रमात राज्यातल्या एक हजार महाविद्यालयांत 'आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्र' सुरू करण्याची घोषणा झाली. नावात काय आहे, असे विचारू नका. चाणक्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात वर्णावर्णांची कामे वाटून दिली आहेत. शूद्राच्या वाट्याला द्विजांची सेवा, शेती-पशुपालन आणि कारागिरी आली. कौशल्य केंद्राला नाव द्यायला याच परंपरेतला माणूस सापडावा? महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी शाळेबरोबर उद्योगशिक्षणाची मागणी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. ती आठवली नाही.

जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, मुदत सहा महिने. नंतर पाच महिने वाढवून दिले. शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालयांत या पोरांनी नियमित कर्मचाऱ्याची कामे केली. अकरा महिने संपले आणि ते घरी आले. नोकरीत कायम करा म्हणून त्यांनी आंदोलने केली, तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही कर्मचारी नव्हता, प्रशिक्षणार्थी होता. 'प्रशिक्षण' या शब्दाचा असाही उपयोग असतो. काम पूर्ण घ्यायचे आणि हक्क मागितला की शिकाऊ म्हणायचे.

आणि केंद्राची कौशल्य विकास योजना? २०१५ पासून कोटींच्या आकड्यांत तरुण प्रशिक्षित केल्याचे फलक लागले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने सांगितले की बहुसंख्य लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये किंवा कोरी जागा होती. एकच फोटो अनेकांच्या नावापुढे लागला होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून दुसरे काय म्हणावे!

याच्या शेजारी बाबासाहेबांची मागणी ठेवून बघा. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडे होती आणि रोजगार विनिमय केंद्रांची सुरुवातही त्याच काळातली. पण अनुसूचित जातींसाठी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी पाच दिवसांचे वर्ग मागितले नाहीत. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासाठीसुद्धा सरकारने पैसा द्यावा, ही मागणी केली. त्यांची नजर यंत्र चालवणाऱ्यापासून यंत्र घडवणाऱ्यापर्यंत जात होती. आपली नजर हेल्परच्या पुढे का जाऊ नये?

आपल्यातल्या दोन वाटा

आता थोडे घरातले बोलू. आपल्या तरुणांत आज दोन मते जोरात आहेत.

पहिले मत म्हणते, नोकरी मागणारे नको, देणारे व्हा. २००५ मध्ये पुण्यात डिक्की स्थापन झाली तेव्हापासून हा विचार पसरला. आपले लोक उद्योजक व्हावेत याला कोण नाही म्हणेल? पण ज्या गावात आपल्या बहुतेक कुटुंबांकडे गहाण ठेवायला जमीन नाही, तिथे किती घरांतून कारखानदार निघतील? दहा निघाले तरी उरलेले मजूरच राहणार. त्यांच्या मजुरीचा प्रश्न उद्योजकतेच्या भाषणाने सुटत नाही. शिवाय आपला माणूस मालक झाला म्हणून मजुराला किमान वेतन आपोआप मिळते, असा कोणताही नियम नाही.

दुसरे मत म्हणते, सरकारी भरतीशिवाय आपला उद्धार नाही. म्हणून पोरे अभ्यासिकेत वयाची तिशी गाठतात. पोलिस भरती, तलाठी भरती, एमपीएससी. आरक्षण हा आपला घटनात्मक हक्क आहे आणि रिक्त जागा भरायला लावणे ही लढाई आहेच. पण एका जागेमागे शेकडो अर्ज असताना उरलेल्यांचे काय, याचे उत्तर चळवळीने द्यायला नको? भरतीत न लागलेला पोरगा पस्तिशीत ठेकेदाराच्या गाडीत बसतो, तेव्हा त्याच्यासोबत ना संघटना असते, ना कायद्याची माहिती.

या दोन्ही वाटांमध्ये खासगी क्षेत्रातला मजूर सुटून जातो. आपले बहुसंख्य लोक तर तिथेच आहेत. आमचा आग्रह या सुटलेल्या माणसासाठी आहे.

हातात असलेला कायदा

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून आपण हात टेकतो. पण एक दार कायद्याने आधीच उघडे आहे आणि आपण त्याकडे बघितलेले नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या कलम ३-अ प्रमाणे निर्देशित व्यवसायांत मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. पुढे ३-ब कलमाने ओबीसींसाठीही तरतूद झाली. हे बंधन फक्त सरकारी कार्यालयांवर नाही, खासगी कारखान्यांवरही आहे. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आता विचारा, मलकापूर, खामगाव, नांदुरा या आपल्या आसपासच्या कारखान्यांत किती शिकाऊ आहेत आणि त्यांत आपले किती?

या कायद्याची दुसरी बाजूही पोरांना सांगितली पाहिजे. याच कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. म्हणून काही मालक दरवर्षी नवे शिकाऊ घेतात, वर्षभर उत्पादन काढतात आणि सोडून देतात. जागा मागताना हा सापळाही ओळखला पाहिजे.

यादीचा प्रश्नही इथेच सुटतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालांची नोंदणी झाली, तशीच मालकांचीही नोंदणी झाली. मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि वर लेव्ही मालकाने भरायची. ज्या हमालाला अकुशल म्हणून हिणवले, त्याने संघटनेच्या जोरावर हा कायदा मिळवला. यादी दोन्ही बाजूंची झाली की मजूर माणूस म्हणून उभा राहतो, हे या राज्यात सिद्ध झालेले आहे.

मग करायचे काय?

१. धामणगाव बढेत आणि आसपासच्या गावांत यादी आपणच करावी. बुद्धविहार हे तिचे ठिकाण असावे, पण ती फक्त बौद्धांची नसावी. मातंग, चर्मकार, भिल्ल, मुस्लिम, भटके, गरीब कुणबी, जो हाताने कमावतो तो प्रत्येक जण तिच्यात यावा. शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष येणारे काम, किती वर्षांचा अनुभव, आज मिळणारी मजुरी आणि बुडालेली मजुरी हे रकाने असावेत. बायांची नावे घरातल्या पुरुषाखाली नकोत, स्वतंत्र असावीत. यादी कुणाच्या हाती द्यायची हे यादीतल्या माणसांनी ठरवावे.

२. प्रत्येक मालकाची आणि ठेकेदाराची पाटी त्याच वहीत उघडावी. किमान वेतन देतो का, पीएफ भरतो का, कामाचे तास किती, अपघात झाल्यावर काय केले, शिकाऊ किती घेतले, राखीव जागा भरल्या का. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के रोजगार स्थानिकांना द्यायचा, हे राज्याचे धोरण आहे. ते स्थानिक कोण, कोणत्या कामावर आणि कायम की कंत्राटी, हे लिहून काढावे.

३. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. दहा रुपयांत कलम ३-अ चा जिल्ह्यातला हिशेब मिळू शकतो. उत्तर आले नाही तर अपील करावे.

४. ज्यांना काम येते त्यांना पुन्हा शिकवण्याचे नाटक नको. पूर्वीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद सरकारी योजनांत आहे. ते प्रमाणपत्र मिळाले की वेतनाचा वरचा रकाना मिळालाच पाहिजे, ही अट आपण घालावी. बांधकामावरच्या प्रत्येकाची मंडळात नोंदणी करून घ्यावी. ती पेटी आणि भांड्यांपुरती नसावी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि अपघाताच्या मदतीसाठी असावी.

५. रोजगार मेळावा घ्यायचाच असेल, तर मंचावर मालकाचे स्वागत करण्याआधी त्याच्याकडून वेतन, तास आणि सुरक्षिततेची माहिती लेखी घ्यावी. जो देणार नाही त्याला आपल्या मेळाव्यात टेबल मिळणार नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारले तर मालक येणारच नाहीत. आमचे उत्तर सरळ आहे. किमान वेतन विचारले म्हणून जो पळतो, तो कायदा मोडायलाच येणार होता. त्याच्या येण्याने गाव सुधारणार नव्हते, गावाची मजुरी आणखी पडणार होती. आणि ज्याला खरोखर चांगले काम हवे आहे, त्याला लेखी अटींची भीती वाटायचे कारण नाही.

चवदार तळ्यावर आपण पाणी गोड आहे म्हणून गेलो नव्हतो. ते सार्वजनिक आहे आणि त्यावर आपला हक्क आहे, म्हणून गेलो होतो. आयटीआयचे वर्कशॉप, कारखान्यातली शिकाऊची जागा, विणाई खात्यासारखे प्रत्येक वरचे खाते हीसुद्धा तळीच आहेत. तिथे हात जोडून उभे राहायचे नाही. कायद्याचे कलम आणि गावाची वही घेऊन जायचे.

जय भीम!